गाण्याविना तीन पेले

डिसेंबर लागल्यापासून जपानातल्या किर्यू गावात कुणाचंच कशात मन लागत नव्हतं. बादशहा अंथरुणाला खिळले होते. रोज वर्तमानपत्रात त्यांचा ताप आणि नाडी छापून येई आणि टोफूवाल्या कोहेईची मुलगी तोमे ते वाचताना घाबरीघुबरी होई. खरं सांगायचं तर तिला बादशहांपेक्षा स्वतःचीच काळजी जास्त होती. तिचं लग्न सव्वीस तारखेला होतं.

तोमे अग्नी-घोड्याच्या वर्षात जन्मलेली. हे वर्ष साठ वर्षांतून एकदा येतं आणि त्या वर्षीची बाई नवऱ्याला खाते, असं सगळे मानतात. तिच्या वर्गातल्या बहुतेक मुली अजून बापाच्याच घरी होत्या. तिलाही तीन स्थळं आली आणि वय ऐकताच आल्या पावली परत गेली. मग लाकडी खडावा करणारा गेंझो म्हणाला, मला चालेल. त्याच्या आईला मुळीच चालत नव्हतं, पण पोरगा हट्टाला पेटला होता.

पंचवीसच्या पहाटे कमरेला घंटा बांधलेला पेपरवाला गल्लीतून धावत गेला. बादशहा गेले. गाणंबजावणं बंद झालं, गावातले माग थांबले. दुपारी मध्यस्थ कुरिहारा काकू आल्या आणि उंबऱ्यापाशीच टेकल्या.

"गेंझोची आई म्हणते, दुखवट्याचं वर्ष सरू दे, मग बघू."

"मग बघू म्हणजे?" कोहेईने विचारलं.

"आता तेही मीच सांगू? म्हणते, पोरीने अजून घरात पाऊल टाकलं नाही तर हे झालं."

कोहेई मान खाली घालून टोफू कापत राहिला. तोमेला मात्र बसवेना, उभंही राहवेना. वर्ष सरलं की 'मग बघू' म्हणणाऱ्यांना काही दिसत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने शाल ओढली आणि निघाली. पोरीने आपणहून सासरचं दार ठोठावायचं, ही रीत कुठल्याच गावात नाही. काकू धापा टाकत मागोमाग आल्या.

गेंझोची आई शेगडीपाशी बसली होती. तिने तोमेला आत ये म्हटलं नाही.

"गाण्याशिवाय कुठे लग्न लागतं का गं?"

"लग्न दोघांनी प्यायलेल्या तीन पेल्यांनी लागतं. गाणं पाहुण्यांसाठी असतं," तोमे दारातूनच म्हणाली.

"आणि तुझं वर्ष? त्याचं काय? बघितलंस ना काय झालं ते?"

तोमेने दाराची चौकट धरली.

"आई, माझा हात थेट राजवाड्यापर्यंत पोचत असता, तर मी वीस वर्षांची होईतो टोफू कापत बसले असते का?"

कुरिहारा काकूंनी डोळे मिटले. गेंझोच्या आईला हसू फुटलं. दुखवट्याच्या दिवशी हसले म्हणून तिने चटकन तोंडावर बाही धरली, पण हसायची ती हसलीच.

"जीभ तर घोड्याचीच आहे," ती म्हणाली. "उद्या संध्याकाळी या. आवाज न करता."

दुसऱ्या दिवशी दारं लावून सगळे बसले. कुणी गायलं नाही. काकूंनी तांदळाची दारू ओतली. तोमेने आपले घोट घेतले, पण चव कळली नाही. सासू पोराच्या चेहऱ्यावरून नजर हटवत नव्हती आणि तोमे सासूच्या.

तिसऱ्या पेल्याच्या शेवटच्या घोटाला गेंझोला ठसका लागला. तो लालबुंद झाला, डोळ्यांत पाणी आलं, श्वास पुरेना. काकूंच्या हातातली सुरई तशीच राहिली. कोहेईने मान खाली घातली. तोमेला वाटलं, संपलं सगळं, आता ही बाई मला हाताला धरून बाहेर काढणार.

सासू उठली आणि तिने पोराच्या पाठीत दणका घातला.

"मेला लहानपणापासून असाच घटाघटा पितो," ती तोमेला म्हणाली. "आता तू बघ याच्याकडे. मी थकले."