कॅझची रिकामी खुर्ची

"खुर्चीच जर मॅच जिंकून देत असेल, तर पेटिग्रूचा अंगठा बरा झाला काय आणि मोडला काय, तुम्हाला काय फरक पडतो?"

मार्नीनं असं विचारलं आणि शेगडीभोवतीचे सगळे आवाज एकदम बंद पडले. फक्त सॉसेज तेवढे चरचरत राहिले. तिच्या दोन मैत्रिणी, बिर्गिट आणि ओडालिस, ट्रकच्या मागे तोंडावर हातमोजे दाबून उभ्या होत्या. हिंमत असेल तर एलरॉयकाकांना हे विचारून दाखव, असं त्यांनीच तिला सकाळपासून डिवचलं होतं. आणि मार्नी म्हणजे काय, अलीकडे तिला 'हिंमत असेल तर' एवढं म्हटलं तरी पुरतं!

मित्रांनो, ती खुर्ची म्हणजे मी.

मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांनी विणलेली. तळ्याकाठच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्यासारख्या शेकडो बहिणी होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच जणी उन्हाळ्यात अंगणात बसायच्या कामाला गेल्या. ऊन, लिंबू सरबत, पाण्याचे फवारे! माझ्या नशिबी मात्र थंडी आली, कारण मला कॅझिमिर वोयटास नावाच्या माणसानं उचललं.

त्याला सगळे कॅझ म्हणत. टॅमरॅक बे गावात कागदाच्या गिरणीत तो कामाला होता आणि टिंबरमेन या अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे हातानं चेंडू फेकून खेळायच्या फुटबॉलच्या, संघावर त्याचा जीव होता. तसा या गावात तो सगळ्यांचाच असतो. इथे मूल जन्मलं की आधी हंगामाच्या तिकिटांच्या यादीत त्याचं नाव लिहितात, बारसं सावकाश करतात. घरच्या मैदानावर मॅच असली की चार-पाच तास आधीच लोक स्टेडियमच्या पार्किंगमध्ये जमतात. गाड्यांची मागची दारं उघडतात, शेगड्या पेटतात, कांदा घालून बिअरमध्ये उकळलेले सॉसेज निखाऱ्यावर पडतात. आणि मग बडबड! अहो, काय ती बडबड!

कॅझची जागा ठरलेली होती, दिव्याच्या सातव्या खांबाखाली. पायाखाली पुठ्ठा अंथरायचा, म्हणजे बर्फाची थंडी वर चढत नाही. पुठ्ठ्यावर मला उलगडायचं. पण मित्रांनो, गंमत सांगू? तो स्वतः माझ्यावर फारसा बसायचाच नाही. पाच मिनिटं टेकायचा आणि उठायचा. "ए, तू ये, बस. पाच मिनिटं तुझी," असं म्हणून कुणाच्याही खांद्याला धरून बसवायचा. थकलेली बाई, रस्ता चुकलेला म्हातारा, समोरच्या संघाचा पाठीराखासुद्धा! "शत्रू असला म्हणून काय झालं, त्यालाही गुडघे असतातच की," म्हणायचा. एका रविवारी माझ्यावर वीस-वीस माणसं बसून जायची. प्रत्येकाची ऊब वेगळी. माझ्या पट्ट्यांना ती अजून ओळखता येईल.

एकदा एलरॉय बसला. एलरॉय म्हणजे कॅझचा गिरणीतला सोबती, देहानं दार अडवणारा. मधली पट्टी फाट्कन तुटली. कॅझ पोट धरून हसला आणि घरी नेऊन त्यानं मला स्वतः विणलं. हिरवी पट्टी मिळाली नाही, म्हणून नारिंगी घातली. तेव्हा त्याची नात मार्नी पाच वर्षांची होती. पट्टीचं दुसरं टोक तिनं दोन्ही हातांनी ओढून धरलं होतं. "ओढ, ओढ, आपल्या क्वार्टरबॅकसारखा जोर लाव!" कॅझ ओरडत होता. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा चेंडू फेकणारा खेळाडू. तो चालला तर संघ चालतो. त्या वर्षी डॅरियस पेटिग्रू नवा होता आणि अख्खं गाव त्याला नावं ठेवत होतं. एकटा कॅझ म्हणायचा, "थांबा जरा. हा पोरगा शेवटच्या मिनिटाचा आहे."

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात कॅझ गेला. गिरणीतून निवृत्त होऊन त्याला सहा महिनेही झाले नव्हते.

पुढच्याच रविवारी घरी मॅच होती. यावं की नाही यावर वाद झाला आणि शेवटी सगळे आले. कॅझच्या मुलानं, म्हणजे मार्नीच्या बाबांनी, रोलंडनं, मला खांबाखाली उलगडलं, माझ्यावर कॅझची लोकरी टोपी ठेवली आणि तो स्टेडियममध्ये गेला. आजोबांचं तिकीट मार्नीला दिलं होतं. ती तेव्हा बारा वर्षांची. आजोबांच्या जागेवर बसून ती अर्धी मॅच रडली. मग तिची आई, डेनीस, तिला बाहेर घेऊन आली. एकदा बाहेर पडलं की परत आत सोडत नाहीत. आई गाडीत हीटर लावून बसली आणि दमून झोपली. मार्नी हळूच खाली उतरली.

बर्फ पडायला लागला होता. तिनं टोपी उचलून डोक्यात घातली, घोंगडी पांघरली, छोटा रेडिओ मांडीवर घेतला आणि ती माझ्यावर बसली. आम्ही सतरा गुणांनी मागे होतो. हळूहळू अंतर भरत आलं, आणि शेवटच्या मिनिटाला पेटिग्रूनं असा काही चेंडू फेकला की आम्ही जिंकलो आणि स्टेडियम हादरलं. मार्नीनं माझी नारिंगी पट्टी मुठीत धरली होती. "आजोबा, ऐकलंत?" एवढंच ती म्हणाली.

लोक बाहेर येताना दिसले तशी ती घाईघाईनं उठली, टोपी झटकून जागेवर ठेवली आणि घोंगडी-रेडिओ घेऊन गाडीत शिरली. एलरॉय पुढे आला आणि मला बघून जागच्या जागी थिजला. सगळीकडे वीतभर बर्फ. शेगडीवर, पुठ्ठ्यावर, गाड्यांवर. फक्त माझ्यावर एक कण नाही!

"कॅझ बसला होता!" एलरॉय गुडघ्यांवर बसून मोठ्यानं रडला. "अरे बघा, कॅझ इथे बसून मॅच बघत होता!" आणि रोलंड, ज्यानं आठवडाभर डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, तो माझा दांडा धरून हमसून हमसून रडला. गाडीच्या काचेतून मार्नीनं ते सगळं पाहिलं. मग ती कशी सांगणार?

त्या दिवसापासून माझा मान वाढला आणि माझं काम संपलं.

कॅझची खुर्ची रिकामी ठेवायची, असा नियमच झाला. त्यानंतर घरच्या चौदा मॅचपैकी अकरा आम्ही जिंकल्या. हरलेल्या तिन्हींचं कारण लगेच सापडलं. एकदा कुणाच्या पाहुण्यानं माझ्यावर हातमोजे ठेवले होते, एकदा एक कुत्रा टेकला होता, आणि एकदा वाऱ्यानं टोपी पडली होती. लोक माझ्याबरोबर फोटो काढतात, माझ्या दांड्याला हात लावून नमस्कार करतात आणि दोन पावलं मागे सरतात. मित्रांनो, दोन पावलं म्हणजे किती लांब असतं, हे रिकाम्या खुर्चीला विचारा! हंगाम संपला की मी गॅरेजमध्ये खिळ्याला. बर्फाचं फावडं माझ्या शेजारी लटकतं, पण त्याला निदान रोज सकाळी कुणीतरी हातात घेतं. मला त्याचा हेवा वाटतो. फावड्याचा हेवा! काय दिवस आले बघा.

तर आज जानेवारीतली मोठी मॅच. बाद फेरी. हरलो की हंगाम संपला. आणि पेटिग्रूच्या फेकायच्या हाताचा अंगठा मागच्या रविवारी दुखावलेला. सकाळपासून खांबाखाली दुसरा विषय नव्हता.

"त्याला बसवा बाकावर," एलरॉयची बायको लॉटी म्हणत होती. "छत्तीस वर्षांचा घोडा झालाय. तो नवा पोरगा काय वाईट आहे?"

"नवा पोरगा? अगं, त्याला दाढी फुटू दे आधी!" एलरॉयनं सॉसेज उलटवला. "पेटिग्रू एका हातानं खेळला तरी त्याच्यापेक्षा बरा."

"एकाच हातानं खेळायचंय ना त्याला, आणि तोच मोडलाय!"

"मोडलेला नाही, मुरगळलाय. माझ्या भाच्याच्या डॉक्टरांनी सांगितलं."

"तुझ्या भाच्याचे डॉक्टर गुरांचे आहेत, एलरॉय."

सगळे हसले. रोलंड हसला नाही. तो खाली वाकून माझ्यावरची टोपी सरळ करत होता. दर मॅचला तो तेच करतो. आपल्या बाबांबद्दल कधी अवाक्षर काढत नाही, टोपी मात्र दहा वेळा सरळ करतो.

"कशाला भांडताय?" एलरॉय म्हणाला. "अंगठा राहो न राहो, खुर्ची आहे ना रिकामी? मग झालं!"

आणि तेव्हाच मार्नीनं तो प्रश्न विचारला.

आधी लॉटी हसली. "बोल आता! पोरीनं तुझी दांडी उडवली."

"हे बघ मार्नी," एलरॉय चिमटा हलवत म्हणाला, "तू लहान होतीस. त्या दिवशी सतरा गुणांनी मागे होतो आपण. सगळीकडे बर्फ, आणि खुर्ची कोरडी. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय."

"मला माहीत आहे ती कोरडी का होती."

तिचा आवाज बदलला होता. ट्रकमागचं खिदळणंही थांबलं. हे मैत्रिणींनी शिकवलेलं नव्हतं.

"मी बसले होते, एलरॉयकाका. आजोबांची टोपी घालून. आई गाडीत झोपली होती. खुर्ची रिकामी नव्हतीच मुळी."

एलरॉयचा चिमटा हवेतच राहिला. डेनीसनं तोंडावर हात ठेवला. रोलंड हळूहळू सरळ झाला आणि मुलीकडे बघत राहिला. ॲल्युमिनियमला घाम येत नाही, पण खरं सांगते मित्रांनो, मला वाटलं, आता मला उचलून कचऱ्यात टाकतील.

"म्हणजे दोन वर्षं..." एलरॉय पुटपुटला. मग त्याचे डोळे चमकले. "म्हणजे आपण उलटंच करत होतो! खुर्ची रिकामी नाही ठेवायची, पोरीला बसवायचं! बस, बस, मार्नी, लवकर बस! पेटिग्रूचा अंगठा तुझ्या हातात आहे!"

"आता हिला बाथरूमलाही जाऊ देणार नाही हा माणूस," लॉटी म्हणाली.

मार्नी बसली नाही. ती बाबांकडे वळली. "बाबा, तुम्ही त्या दिवशी रडलात ना, म्हणून मी बोलले नाही. तुम्हाला वाटलं आजोबा आले होते. मी बोलले असते तर ते परत गेले असते."

रोलंड तिच्याजवळ आला. लांबून बँडचे ढोल ऐकू येत होते. "तुला थंडी नाही वाजली त्या दिवशी?" त्यानं विचारलं.

"नाही. जरासुद्धा नाही."

मार्नी वाकली. तिनं माझ्यावरची टोपी उचलली, झटकली आणि बाबांच्या हातात दिली. दोन वर्षं माझ्या पोटावर बसलेलं ते एवढंसं ओझं गेलं आणि मला एकदम उघडं-उघडं वाटलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी वस्तू असेल, गेलेल्या माणसाची. तिच्यावर टोपी ठेवून दोन पावलं मागे सरू नका. तिला वापरा. आमची पट्टी तुटली तर नारिंगी घाला, आम्हाला चालेल. आम्ही झिजून संपतो त्याचं आम्हाला दुःख नसतं. कुणी टेकत नाही, त्याचं असतं.

"आई, बाबा, माझं ठरलंय," मार्नी म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, अगदी ट्रकमागच्या दोघींनाही. "मी आज या खुर्चीत बसणार. जिंकण्यासाठी नाही. पेटिग्रूचा अंगठा चालला तर आपण जिंकू, नाही चालला तर हरू. हरलो तरी पुढच्या हंगामात मी बसणार. आणि पाच मिनिटं झाली की मी उठणार. मग बाबा, पाच मिनिटं तुमची."