लोहपंखाला थंडी वाजली तो अंक

मित्रांनो, मी एक जुना, कोणालाही नको असलेला अंक आहे. 'लोहपंख' या कॉमिकचा तीनशे सत्तरावा. लोखंडी पंखांचा आमचा नायक जवळजवळ एकतीस वर्षं दर महिन्याला कुठलं ना कुठलं शहर वाचवत आला. माझ्या पानांत मात्र त्याची स्वतःचीच अब्रू गेली. लोक मला 'तो भिकार अंक' म्हणतात. खोटं कशाला बोलू, त्यांचं काही चुकत नाही.

माझा जन्म खिडकीजवळच्या उतरत्या टेबलावर झाला. तिथे म्हातारे चित्रकार पेन्सिलीने चित्रं काढत आणि समोर बसून त्यांची मुलगी ब्रशने त्यांवर शाई चढवी. शाई वाळली की ती खोडरबराने खालची पेन्सिल पुसून टाके. खरी गोम इथेच होती. चार वर्षांपासून चित्रकारांचा हात थरथरू लागला होता. मुलगी प्रत्येक वाकडी रेष शाईत गुपचूप सरळ करी, आणि पेन्सिल पुसली की पुरावाच उरत नसे. छापलेला अंक हातात आला की चित्रकारांची स्वारी खूश! "पेन्सिल जरा थरथरते माझी, पण ब्रश टेकला की रेष आपोआप बसते," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मुलगी मान खाली घालून ब्रश धूत बसे.

माझी पानं पेन्सिलीत तयार झाली आणि त्याच आठवड्यात मुलगी जिन्यावरून पडली. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर चढलं.

"बाबा, या महिन्यात अंक राहू दे ना," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? एकही महिना चुकलेला नाही आपला. शाई मी भरतो."

"नको हो, तुम्हाला त्रास होईल."

"अगं, तू शाळेत जायचीस तेव्हा शाई कोण भरायचं? मीच ना?"

तिने तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगून टाकणार. पण "पाणी आणू का तुम्हाला?" एवढंच बोलून ती आत गेली.

पुढचे बारा दिवस चित्रकार माझ्यावर जीव तोडून राबले. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरायचं, श्वास रोखायचा आणि रेष ओढायची. इतक्या मायेने मला पुन्हा कोणी हात लावला नाही. नवव्या पानावर लोहपंख कोसळणारा पूल खांद्यावर पेलतो. त्या एका चित्राला दोन दिवस लागले, आणि तरीही पुलापेक्षा लोहपंखच जास्त हलताना दिसत होता. संपादक बाईंनी पानं पाहून कपाळाला हात लावला. छपाईची तारीख डोक्यावर होती, म्हणून त्यांनी मला तसंच पाठवून दिलं.

मग वाचकांची पत्रं आली. एकाने लिहिलं होतं, 'लोहपंखाला थंडी वाजत होती का? स्वेटर पाठवू?' चित्रकार आधी हसले. मग भिंग काढून त्यांनी माझ्या आधीचा अंक आणि मी असे शेजारी शेजारी ठेवले, आणि दुपारभर दोन्हीकडे आळीपाळीने पाहत राहिले. जेवायलाही उठले नाहीत.

"किती वर्षं?" त्यांनी मुलीला विचारलं.

कशाबद्दल, हे तिने विचारलं नाही. "चार."

"म्हणजे मी माझा समजत होतो तो हात तुझा होता."

"चित्रं तुमचीच होती, बाबा. मी नुसत्या रेषा…"

"सांगायचं होतंस गं. मी तेव्हाच थांबलो असतो, मानाने."

ती रडू लागली. त्यांनी शाईच्या बाटलीला झाकण लावलं, मला चौपदरी दुमडलं आणि टेबलाच्या आखूड पायाखाली सारलं. त्यांचा मला राग येत नाही. त्यांना दुसऱ्या कोणावर रागावता येणार होतं?

हात बरा झाल्यावर मुलगी संपादक बाईंच्या कचेरीत बसून एकटीच लोहपंख काढू लागली. एकदा तिने एक पत्र घरी आणून वाचून दाखवलं, 'आमचा जुना लोहपंख परत आला!' चित्रकार "छान" म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून बसले. त्यानंतर तिने पत्रं आणली नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणाची रेष वाकडी जात असेल तर जरूर सावरा, पण त्याला सांगून सावरा. आणि माझी एखादी प्रत कुठे रद्दीत दिसली तर नववं पान सावकाश बघा. हसू आलं तर हसा. त्या चार वर्षांतला मीच एक अंक पहिल्या रेषेपासून शेवटच्या रेषेपर्यंत त्यांचा आहे.

मला इथून कोणी काढेल अशी आशा उरलेली नाही. पूर्वी हे टेबल फार डुगडुगायचं. आता ते जराही हलत नाही, पण त्यावर कोणी चित्र काढत नाही.