नऊ वेळा उघडणारा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. पण मित्रांनो, माझ्यामागे घर नाही आणि कधी नव्हतेच. मी नाटकातला दरवाजा. पुढून सागवानी दिसतो, मागून नुसत्या फळ्या आणि खिळे. सुताराने मला दोन दिवसांत ठोकून उभे केले आणि जाताना म्हणाला, "आपटा हवा तेवढा!" नटमंडळींनी त्याचा शब्द फारच मनावर घेतला.

नाटक विनोदी होते. एका विसरभोळ्या नवऱ्याला गाडी पकडायची असते, पण तो नऊ वेळा घरी परत येतो. कधी छत्री राहिली म्हणून, कधी चष्मा, कधी तिकीट, शेवटी तर पायातला एक बूटच. नऊही वेळा तो माझ्यातून आत येई आणि प्रेक्षक पोट धरून हसत. मला मात्र दर प्रवेशाआधी धाकधूक असे. नोकराचे काम करणारा जाडा नट मला टेकून डुलक्या काढी. एकदा मी उघडलो आणि तो थेट रंगमंचावर कोसळला! मंडळी वर्षभर खिदळत होती, बोल मात्र मला लागला.

नवऱ्याचे काम करणाऱ्यांना सगळे अण्णा म्हणत आणि बायकोचे काम करणाऱ्या बाईंना वहिनी. तीनशे प्रयोग झाले आणि अण्णा खरोखरच विसरू लागले. नाटकच विसरण्याचे, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. त्यांनी माझ्या चौकटीच्या मागे खडूने नऊ वस्तूंची यादी लिहिली. आत येण्याआधी ते एकेका शब्दावर बोट ठेवत. "हे काम गेलं तर घरी बसून मी करू काय?" असे एकदा ते माझ्याजवळच पुटपुटले.

मग एके दिवशी व्यवस्थापकांना टापटिपीचा झटका आला. रंगाऱ्याने मला पुढून रंगवले आणि उरलेला रंग वाया नको म्हणून मागूनही फासला. नको तिथे हुशारी!

त्या संध्याकाळी पहिले दोन प्रवेश सवयीने पार पडले. तिसऱ्याला अण्णांचे बोट कोऱ्या रंगावरून नुसतेच फिरत राहिले. पलीकडे वहिनी आपले वाक्य बोलून थांबल्या होत्या. विंगेतून व्यवस्थापक दबक्या आवाजात खेकसले, "अहो, जा ना! झोपलात का?" अण्णांनी कडीकडे हात नेला आणि मागे घेतला. मी जागच्या जागी तडफडत होतो.

तेवढ्यात माझी कडी आतून निघाली. नाटकात वहिनी दार कधीच उघडत नसत. त्या दिवशी उघडले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आलात? आता काय राहिलं? तिकीट ना?"

"तिकीटच!" अण्णा ओरडले आणि आत शिरले. नाट्यगृह हशाने दणाणले.

पुढचे सहाही प्रवेश तसेच झाले. पडदा पडल्यावर अण्णा माझ्यामागे खुर्चीत बसले. "वहिनी, माझ्या जागी दुसरा माणूस बघा म्हणून सांगतो."

"सांगा की. मग मी दार कोणासाठी उघडू?" वहिनी म्हणाल्या आणि चेहऱ्याचा रंग पुसू लागल्या.

पुढे नाटक बंद होईपर्यंत ऐंशी प्रयोग झाले. प्रत्येक प्रयोगात वहिनींनी दार उघडले. प्रेक्षकांना ती गंमतच वाटली.

आता मी गोदामात आहे, तोंड भिंतीकडे आणि पाठ बाहेर. नुसते उभे राहणे मला जमत नाही. वाऱ्याने कडी वाजली तरी वाटते, प्रवेश आला. गेल्या महिन्यात अण्णांची मुलगी त्यांची जुनी पेटी न्यायला आली. सोबत अण्णाही होते. आपण कुठे आलो आहोत, हे त्यांना कळत नव्हते. माझ्यासमोर मात्र ते ताठ झाले आणि वाट पाहत थांबले.

"बाबा, चला ना, उशीर होतोय," मुलगी म्हणाली. "तिथे काही नाहीये."

खरेच होते, पलीकडे भिंत होती. तरी अण्णा हलेनात. शेवटी तिने दंडाला धरून त्यांना नेले. जाताना ते तीनदा मागे वळले.

मित्रांनो, मला रंग द्या, नका देऊ. तेल घाला, नका घालू. पण तुमच्या घरात कोणी असे अडून उभे राहिले, तर त्याला ढकलू नका, ओढूही नका. त्याचा हरवलेला शब्द तुम्ही बोला. गोदामात त्या दिवशी मला अण्णांसाठी आतून उघडता आले नाही, आणि तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही.