उखळाचा घास

निवेदिताला एक खोड होती. रिकामी जागा दिसली की तिला ती भरावीशी वाटे, मग तो कपाटातला कप्पा असो की रविवारची दुपार. तिचा नवरा सुबोध म्हणायचा, हिला आकाशाकडे बघू देऊ नका, तिथेही फळ्या ठोकेल. त्यामुळे आपल्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक वस्तूच्या माहितीला आपले स्वतःचे रकाने जोडता येतात, हा शोध तिला लागला तेव्हा पुढे काय होणार हे घरात सगळ्यांनी ओळखलं होतं.

दुकान तसं लहानच. सोलापुरातल्या जुळे सोलापूर भागात, घराच्या पुढच्या खोलीत दोन टेबलं, एक वजनकाटा, खोकी आणि चिकटपट्ट्या. विकायला कडक भाकरी आणि चार चटण्या: शेंगांची, कारळ्याची, जवसाची, तिळाची. सगळं जवळच्या होटगी गावच्या बजाबाईंच्या हातचं. बजाबाई साठीच्या, शेतकऱ्याघरच्या, हाडापेराने दणकट. चटणी उखळातच कुटायच्या, यंत्राचं नाव काढलं की नाक मुरडायच्या.

दुकानाच्या तयार साच्यात वस्तूचं नाव, किंमत, फोटो आणि चार ओळींचं वर्णन एवढंच मावत होतं. निवेदिता सेटिंगमध्ये शिरली आणि एकेक रकाना वाढवत गेली. तिखटपणा. किती टिकते. लसूण आहे का. उपवासाला चालेल का. रकाना कोणत्या प्रकारचा तेही निवडायचं असे: मजकूर, आकडा, नाहीतर होय-नाही. यातला होय-नाही तिला भलताच आवडला. एक टिचकी मारली की हिरवं 'होय', दुसरी मारली की तांबडं 'नाही', आणि गिऱ्हाइकाला त्यावरून माल गाळून बघता येई. 'थोडंसं', 'कधीकधी', 'तसं म्हटलं तर' अशा गोष्टींना त्यात जागाच नव्हती, आणि नेमकं तेच तिला छान वाटत होतं.

शेवटचा रकाना तिने जोडला तो 'शेंगदाणे'. कुणी मागितला नव्हता. चारांतल्या एकाच चटणीत शेंगा, मग उरलेल्या तीन ठिकाणी ठसठशीत 'नाही' येईल आणि पान भरल्यासारखं दिसेल, एवढाच तिचा विचार. तरी कामाला पक्की म्हणून तिने बजाबाईंना फोन करून विचारलं. त्या हसल्या.

"कारळ्याच्या चटणीत शेंगा कशाला घालू, ताई? शेंगाची येगळी करतेच की."

तीन टिचक्या, तीन 'नाही'. निवेदिता समाधानाने जेवायला उठली.

त्यानंतर काही दिवसांनी नाशिकहून अनीश नावाच्या गिऱ्हाइकाचा निरोप आला. त्याने लिहिलं होतं, 'मी मूळचा सोलापूरचा. मला शेंगदाणा चालत नाही. म्हणजे आवडत नाही असं नव्हे. थोडासा जरी पोटात गेला तरी घसा सुजतो आणि श्वास बंद होतो. लहानपणी एका लग्नाच्या पंगतीत कुणीतरी एवढ्याशानं काय होतंय म्हणून चाटवला आणि मी दवाखान्यातच शुद्धीवर आलो. सोलापुरात जन्मून मी भाकरीशी चटणी कधी खाल्ली नाही. तुमच्या दुकानात शेंगदाणे नाहीत असं निवडलं आणि तीन चटण्या समोर आल्या. आईला बोलावून दाखवल्या. कारळ्याची मागवतोय.'

निवेदिताने तो निरोप सुबोधला वाचून दाखवला, मग सासऱ्यांना, मग मैत्रिणीला फोनवर. आपल्या एका रकान्याने एका माणसाच्या ताटात चटणी आणली, या विचाराने तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बरणी तिने स्वतः बांधली, वर चार भाकरी भेट म्हणून ठेवल्या आणि पार्सल रवाना केलं.

तिच्या डोक्यात आता नवा रकाना आला: 'कशी बनते'. त्यात व्हिडिओ घालायचा. पार्सल नाशिकला पोहोचायच्या दिवशीच ती स्कूटर काढून होटगीला गेली. बजाबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. उखळ पुसून ठेवलं होतं, सुपात भाजलेले कारळे होते. निवेदिताने फोन धरला आणि मान हलवून सुरू करायला सांगितलं.

बजाबाईंनी शेजारचा डबा उघडला, मूठभर भाजके शेंगदाणे काढले आणि उखळात टाकले. मुसळाचे घाव घातले. ते कूट हाताने काढून कोंबड्यांपुढे फेकलं, आणि त्याच उखळात कारळे ओतले.

निवेदिताचा हात खाली आला. "मावशी, ते शेंगदाणे कशाला?"

"उखळाचा घास की."

"म्हणजे?"

"उपाशी उखळात कुटत न्हाईत आमच्यात. आदी त्येला घास द्यायचा, मग आपलं काम. सासूनं घालून दिल्यालं हाय."

"दर वेळी देता? कारळ्यालासुद्धा?"

"तर वो. जवसाला बी, तिळाला बी."

"पण मी तुम्हाला फोन करून विचारलं होतं, शेंगा असतात का म्हणून."

"चटणीत कुटं हायत? घास उखळाचा हाय, चटणीचा न्हाय."

खरं सांगायचं तर बजाबाई तसूभरही खोटं बोलत नव्हत्या. देवापुढे ठेवलेला नैवेद्य कुणी आमटीच्या सामानात धरत नाही. आणि सोलापूर भागात शेंगदाणा हा घालायचा पदार्थ थोडाच आहे, तो असतोच. भाजीत असतो, कोशिंबिरीत असतो, पोरांच्या खिशात असतो. मिठाची गोष्ट निघावी तेवढीसुद्धा त्याची निघत नाही.

निवेदिताने फोनवर पार्सल कुठे आहे ते बघायला घेतलं. पत्र्याखाली रेंज नव्हती, ती अंगणात धावली. पडद्यावर बारीकसं चाक फिरत राहिलं आणि मग अक्षरं उमटली: पोहोचले. पार्सल अनीशच्या हातात पडलं होतं.

तिने अनीशला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. निरोप लिहिला, 'चटणी खाऊ नका'. तो गेला की नाही ते कळेना. पुन्हा लावला. अंगणातून गोठ्यापर्यंत आणि गोठ्यातून अंगणात ती नुसती येरझाऱ्या घालत होती, आणि दर वेळी तीच रिंग, तोच शेवट.

बजाबाई हात पुसत बाहेर आल्या. "काय झालं ओ?"

निवेदिताने सांगितलं. बजाबाईंना आधी ते पटेचना.

"शेंगानं मानूस मरतं व्हय?"

"हा मरेल, मावशी. याचा श्वास बंद होतो."

बजाबाई खाली बसल्या आणि लगेच उठल्या. उभ्या हयातीत त्यांच्या हातचं खाऊन कुणाच्या पोटातसुद्धा दुखलं नव्हतं. त्यांनी आकाशाकडे बघितलं, ऊन डोक्यावर आलं होतं.

"जेवायची येळ झाली, ताई," त्या हळू म्हणाल्या.

आता इथे थांबून चालणार नव्हतं. रेल्वे फाटकापलीकडे रेंज बरी असते म्हणून निवेदिताने स्कूटर काढली, आणि बजाबाई न विचारता मागे बसल्या. फाटक बंद होतं. समोरून मालगाडी चालली होती, सिमेंटच्या डब्यांमागून डबे, सरता सरेना. बाकीची माणसं गाड्या बंद करून निवांत उभी होती, कुणी तंबाखू मळत होतं. निवेदिताला त्या सगळ्यांचा राग आला. मागून बजाबाई तिच्या खांद्याला धरून एकच म्हणत होत्या, "लावा की. लावा की परत."

आणि फोन वाजला. अनीशचाच नंबर. तिने उचलला, पण डब्यांच्या खडखडाटात काही ऐकू येईना. स्कूटर बजाबाईंच्या हातात देऊन ती उलटी पळाली, एका भिंतीच्या आडोशाला गेली, दुसऱ्या कानात बोट घातलं.

"एवढे फोन कसले, कोण बोलतंय?" बाईचा आवाज होता. "मी अनीशची आई."

"त्यांनी चटणी खाल्ली का?"

"ताट वाढलंय. हात धुवायला गेलाय. तुम्ही कोण?"

"दुकानातून निवेदिता. खाऊ देऊ नका. त्या उखळात आधी शेंगदाणे कुटतात. मला माहीत नव्हतं. ताट उचला, बरणी बाहेर ठेवा, त्यांना हात लावू देऊ नका."

पलीकडून ताट उचलल्याचा आवाज आला, मग लांबून, "अनीश, तिथंच थांब. पुढं येऊ नको." नळ सुटला. बराच वेळ नुसतं पाणी पडत राहिलं. निवेदिताने कपाळ भिंतीला टेकवलं. देवाला काय काय बोलली, ते तिलाही नंतर आठवलं नाही.

मग आई परत फोनवर आल्या. त्यांना धाप लागली होती.

"वाचला," त्या म्हणाल्या. "घास तोंडात गेला नव्हता." आणि पुढे म्हणाल्या, "मला वास आला होता."

"कशाचा?"

"शेंगदाण्याचा. झाकण उघडल्या उघडल्या आला. तो वास मी विसरेन होय? हा एवढासा होता तेव्हापासून घरात दाणा येऊ दिला नाही मी. शेजारी भाजायला लागले तर खिडक्या लावते. वास आला, तसं मी परत तुमचं पान उघडून वाचलं. नाही, असं लिहिलं होतं. मग म्हटलं, आपल्यालाच भास होतोय. एवढं छापून लिहितात ती माणसं उगाच का लिहितील? पोरगं आनंदात होतं. आणि मी माझ्या हातानं वाढली."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. निवेदिताला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. पान भरलेलं दिसावं म्हणून मारलेली तिची एक टिचकी, आणि त्या टिचकीपुढे या बाईने स्वतःचं नाक खोटं ठरवलं होतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "फार चुकलं."

मग फोन अनीशने घेतला. "ताई, मी ठीक आहे, घाबरू नका." तो समजुतीने बोलत होता, आणि तेच तिला जास्त लागलं. "आई बरणी पिशवीत बांधून खाली घेऊन चाललीय. एक विचारू? कशी लागते हो?"

मालगाडी गेली होती, फाटक उघडलं होतं, आणि बजाबाई स्कूटर ढकलत तिच्यापाशी पोहोचल्या होत्या. "कशी लागते, विचारतोय," म्हणत निवेदिताने फोन त्यांच्या हातात दिला.

"पोरा," बजाबाई म्हणाल्या, "कशी लागती ते सांगून कळत नसतंय. मी करून धाडते तुला. येगळं उखळ आनते. वास बी लागू द्यायची न्हाय."

तिथेच, रस्त्याच्या कडेला उभं राहून, निवेदिताने तिन्ही 'नाही' पुसली. होय-नाहीचा रकाना काढून मजकुराचा केला आणि लिहिलं: 'चारही चटण्या एकाच उखळात होतात आणि त्या उखळात आधी शेंगदाणे कुटतात. ज्यांना शेंगदाणा चालत नाही त्यांनी यातली एकही घेऊ नये.' घरी येऊन तिने आजवरच्या एकूण एक गिऱ्हाइकाला तेच कळवलं. पान आता ओबडधोबड दिसत होतं. तिने ते तसंच राहू दिलं.

नवं उखळ पाथरवटाकडून आलं. ते ठेवायचं कुठे, याचा घोळ बरेच दिवस चालला, कारण शेंगदाणा शिरला नाही अशी खोली ना होटगीत सापडेना ना निवेदिताच्या घरात. शेवटी बजाबाईंनी गोठ्यामागची पडीक खोली झाडून, धुऊन, नव्याने सारवली. कुटायच्या दिवशी डोक्यावरून आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून त्या आत शिरल्या, आणि निवेदितालाही घरून काही न खाता यायला लावलं. कारळे, लसूण, मिरच्या, सगळं नवं आणलेलं होतं.

बजाबाई उखळापाशी बसल्या. सवयीने हात शेजारी गेला. तिथे डबा नव्हता. त्यांनी मुसळ उचललं आणि तसंच धरून राहिल्या.

"कुटा की, मावशी."

"उपाशी हाय ओ हे," बजाबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "कवाच आसं केलं न्हाय मी."

"कारळ्याचाच घास द्या मग."

बजाबाईंनी बराच विचार केला. सासू वरून बघत असल्यासारखं एकदा आढ्याकडे पाहिलं. मग मूठभर कारळे उखळात टाकले आणि त्याला समजावलं, "घे बाबा. तुज्या वाट्याला हेच हाय."

पहिली बरणी तपासायला प्रयोगशाळेत गेली. तिथून ठीक असल्याचं कळल्यावरच दुसरी नाशिकला गेली. निवेदिताने तिच्यासोबत सगळं लिहून पाठवलं: उखळ कुठलं, खोली कुठली, घास कशाचा. मग तिचा जीव टांगणीला लागला. फोन ती आंघोळीलाही घेऊन जायला लागली, तेव्हा सुबोधही तिची थट्टा करायचा थांबला.

उत्तर आलं ते अनीशच्या आईचं. 'बरणी मिळाली. डॉक्टरांना विचारलं होतं, औषध हाताशी ठेवलं होतं. तुम्ही लिहिलेलं वाचलं नाही. आधी वास घेतला, मग वाढली. दुसरी भाकरी मागतोय.'

निवेदिताने ते बजाबाईंना फोनवर वाचून दाखवलं. पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. बजाबाईंनी शेवटचं वाक्य परत एकदा वाचायला लावलं.

"शानी बाई हाय," त्या म्हणाल्या. "आता दर बरनीला आसाच आदी वास घे म्हनावं."