साफ्ताची साखर

ईस्टरनंतर केव्हातरी लिक्सांद्राने बोट टोचणं सोडून दिलं. ठरवून नाही. एका सकाळी मशीन टेबलावर होतं, पट्ट्यांची डबी उघडी होती, आणि तिला एकदम वाटलं, आज नको. दुसऱ्या दिवशीही तसंच वाटलं. मग तिने तो सगळा सरंजाम काळ्या पाकिटात घातला, भांड्यांच्या कपाटात मोठ्या पातेल्यामागे सरकवला आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. आभाळ कोसळलं नाही. कोंबड्यांनीही काही विचारलं नाही.

विचारणारे दुसरे होते. नवरा स्तेलियान सकाळी कलिंगडांच्या वाडीतून परतला की बूट काढायच्या आधी म्हणायचा, "किती?" मुलगी क्रीना स्पेनमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करते, ती रोज संध्याकाळी फोनवर तोंड दाखवून "कशी आहेस" म्हणायच्या ठिकाणी म्हणायची, "किती?" आणि कुंपणापलीकडची साफ्ता! बाप्तिस्म्याच्या वेळी क्रीनाला तिने हातांवर धरलं होतं, तेव्हापासून या घरात नाक खुपसायचा तिच्याकडे कायमचा परवाना. ती कुंपणावरूनच ओरडून विचारायची, म्हणजे उत्तर आपोआप चर्चपर्यंत पोचायचं.

विचारणाऱ्याला नाही म्हणून चालत नाही. तेव्हा लिक्सांद्रा आकडे द्यायला लागली. कलिंगड टिचकी मारून निवडावं तसे ती ते निवडायची. एकशे अठरा. एकशे बत्तीस. रोज इतकं गुणी राहिलं तर संशय येतो, म्हणून अधूनमधून एखादा एकशे सत्तर टाकायची आणि वर "काल बटाटा जास्त झाला" असं जोडायची. रात्रीची इन्सुलिनची सुई मात्र तिने चुकवली नाही. तेवढी ती वेडी नव्हती. पण बाकी सगळं अंदाजाने. जूनमध्ये वाडीत तिला घेरी आली, हात थरथरले, घामाने ब्लाउज चिकटला. "ऊन," ती म्हणाली. ऊन बिचारं उलटून बोलत नाही.

खरं म्हणजे तिला साखरेचा कंटाळा आला नव्हता. परीक्षेचा आला होता. अकरा वर्षं रोज सकाळी दात घासायच्या आधी निकाल. आकडा बरा आला तर कुणी पाठ थोपटत नाही, वाईट आला तर सगळं घर तोंडाकडे बघतं, की बाई, काय खाल्लंस? आणि गंमत अशी की कधी कधी काहीच खाल्लेलं नसायचं.

त्या उन्हाळ्यात तिने जाहीर केलं, "मी माझी पोमाना घालते. जिवंतपणीच."

स्तेलियानच्या हातातला चमचा सूपमध्ये पडला. जिऊ नदीच्या काठच्या आमच्या गावांत ही रीत आहे, पण ती ऐंशीच्या पुढच्यांसाठी. मेल्यावर पोरं आपल्या नावाने नीट जेवण घालतील की नाही, वस्तू देतील की नाही, याची खात्री नसते, म्हणून माणूस हातीपायी धड असतानाच सगळं उरकतो. इथे मेणबत्ती लावून जे द्यावं ते तिकडे आपल्यासाठी मांडून ठेवलेलं असतं. खुर्ची दिली तर खुर्ची, घोंगडी दिली तर घोंगडी.

"तू एकसष्टची आहेस," स्तेलियान म्हणाला.

"मग? लवकर दिलेलं तिकडे नासतं का?"

"लोक म्हणतील मी तुला मारायला टपलोय."

"लोकांना जेवण मिळणार आहे. जेवताना लोक असं काही म्हणत नाहीत. घरी गेल्यावर म्हणतात."

साफ्ताने तिला गाठून खरं काय ते काढून घेतलंच. दोघी अंगणात मटार सोलत होत्या.

"तुला काही झालंय का गं? डॉक्टर काही बोलला?"

"डॉक्टर बोलतच असतो. हे बघ साफ्ता, इकडे मला काही खायला मिळणार नाही, हे आता ठरलंय. मग तिकडचं तरी भरून ठेवते. कोझोनाक देणार, अक्रोड ठासून भरलेला गोड पाव. चीजची गोड पोळी. शिजवलेल्या गव्हाचा कोलिवा, असा की वरच्या साखरेत चमचा उभा राहील. आणि कलिंगडं, गाडीभर."

"आणि तिकडे साखर वाढली तर?"

"तिकडे दुखणंखुपणं नसतं. पाद्रीबाबांना विचार."

साफ्ताने एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले. "हिशेब तुझा पक्का आहे," ती म्हणाली, पण तिचं तोंड काही हिशेब पटलेल्या बाईसारखं नव्हतं. जी बाई तिकडची पंगत इतक्या बारकाईने मांडते, ती इकडच्या ताटावरून उठायला लागली आहे, हे साफ्ताला कळलं. तिने ते स्तेलियानला सांगितलं. स्तेलियानने क्रीनाला. त्यामुळे पुढचे काही दिवस "किती?" दुप्पट झालं.

संत पीटरचा उपास सुटल्यावरच्या शनिवारी पोमाना झाली. अंगणात अक्रोडाच्या झाडाखाली टेबलं लागली. पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली, धूप फिरवला, आणि वाटप सुरू झालं. लिक्सांद्रा एकेक वस्तू उचलायची, तिच्यावर पेटती मेणबत्ती धरायची, "घे, माझ्या आत्म्यासाठी," म्हणून द्यायची. घेणारा म्हणायचा, "बोगदाप्रोस्ते," म्हणजे देवाला पोचलं. खुर्ची गेली, बादली गेली, उशी गेली, नवी चादर गेली. कुणाला काय मिळालं हे सगळेजण न बघितल्यासारखं करून नीट बघत होते. खुर्ची ज्याला मिळाली त्याने तिचा पाय हलतो का हेही तपासलं.

मग जेवण. लिक्सांद्रा स्वतःच्या पंगतीत मुख्य जागी बसली. तिने नुसता कोझोनाककडे हात नेला. घेणार होती की नाही, हे तिलाही अजून ठरवायचं होतं.

"अगं, तुला नाही चालत!" चार जणी एकदम.

"पातळ काप दे तिला."

"पातळही नको. माझ्या दिराचा पाय कापला ना, तो पातळ पातळ खाऊनच."

"सकाळी किती होती?"

आणि त्याच क्षणी टेबलावरच्या फोनवर क्रीना उगवली. स्पेनमधून, हसत, डोळ्यांत पाणी आणून. "आई! सगळं छान झालं ना? किती आली आज?"

लिक्सांद्रा उठली. आत गेली. पातेल्यामागून काळं पाकीट काढून बाहेर आली, दिसेल ती पेटती मेणबत्ती उचलून पाकिटावर धरली आणि पाकीट साफ्ताच्या मांडीवर ठेवलं.

"घे. माझ्या आत्म्यासाठी. मशीन, पट्ट्या, सुया, सगळं. मला नको. ईस्टरपासून मी बोट टोचलेलं नाही, आणि तुम्हाला सांगितलेला एकूण एक आकडा मी मनाने काढलाय. आता खा."

साफ्ताचं तोंड कोबीच्या पानातल्या खिम्याने भरलेलं होतं. पण जन्माची सवय. तिने घास गिळला आणि म्हणाली, "बोगदाप्रोस्ते."

सगळं अंगण गप्प झालं. ईस्टरपासूनच्या खोट्याने नाही. ते पचायला वेळ लागणार होता. गप्प झालं ते दुसऱ्याच गोष्टीने, आणि ती बोलून दाखवली खुर्ची मिळालेल्या म्हाताऱ्याने.

"बाई गं, काय केलंस हे? मेणबत्ती लावून दिलंस! म्हणजे आता तिकडेही टोचत बसणार. कायमची."

लिक्सांद्राचा चेहरा बघण्यासारखा झाला. गाडीभर कलिंगडं, चमचा उभा राहील असा कोलिवा, आणि त्या सगळ्याच्या शेजारी, नीट मांडून ठेवलेलं, हे काळं पाकीट.

"पाद्रीबाबा!" ती म्हणाली. "परत घेता येतं ना?"

पाद्रीबाबा दारूचा छोटा पेला खाली ठेवून विचारात पडले. त्यांनी या गावात टीव्ही दिलेला बघितला होता, सायकल दिलेली बघितली होती, एकाने तर नातेवाइकांवर सूड म्हणून वाकडा नांगर दिला होता. "दिलेलं परत घेणं वाईट," ते म्हणाले. "शिवाय घेणाऱ्याने ते वापरायला हवं. कपाटात पडून राहिलं तर कुणालाच पोचत नाही. ना इकडे, ना तिकडे."

"मी वापरू?" साफ्ता किंचाळली. "मला काय धाड भरलीय? माझी साखर घोड्यासारखी आहे!"

"वापर म्हणजे वापर," पाद्रीबाबा म्हणाले आणि त्यांनी कोझोनाकचा जाड काप घेतला.

लोक पांगल्यावर स्तेलियान पायरीवर तिच्याशेजारी बसला. म्हणाला, "वाडीत घेरी आली तेव्हा तू ऊन म्हणालीस आणि मी ते खरं मानलं. मी, मूर्खासारखा." आणि थोड्या वेळाने, "सोमवारी दुसरं मशीन आणतो."

"आणलंस तर तेही देऊन टाकीन."

ती चिडून नव्हती बोलत. नुसती थकून बोलत होती, आणि स्तेलियानला ते चिडण्यापेक्षा भयंकर वाटलं. तिच्यावर ओरडावं तरी कसं, तेच त्याला कळेना.

रविवारी सकाळी चर्चच्या आधी साफ्ता कुंपणाचं फाटक ढकलून आत आली. हातात काळं पाकीट. कॉफी मागितली नाही. यावरून प्रसंग गंभीर होता.

"बोट दे," ती म्हणाली.

"मी देऊन टाकलंय ते."

"मला दिलंयस. मशीन माझं. वापरलं नाही तर पाप माझ्या माथी, ऐकलंस ना पाद्रीबाबांचं? काल मी स्वतःच्या बोटाला लावून बघितलं. रक्त बघून खुर्चीतच बसले. माझ्या बोटांचं ते काम नाही. तुझं दे."

"साफ्ता, मला आकडा कळून घ्यायचा नाहीये."

"तुला सांगतंय कोण? माझं मशीन, माझी पट्टी, माझा आकडा. तू फक्त बोट उसनं द्यायचंस."

लिक्सांद्राने बोट दिलं. का दिलं, हे तिला नंतरही सांगता आलं नसतं; बहुधा साफ्ताशी वाद घालण्यापेक्षा टोचून घेणं स्वस्त पडतं म्हणून. साफ्ताने जीभ दातांत धरून टोचलं, पट्टी लावली, मशीनकडे बघितलं आणि पाकीट बंद करून एप्रनच्या खिशात टाकलं.

"झालं. चर्चला चल."

संपूर्ण प्रार्थनाभर साफ्ता गप्प राहिली. जिच्या पोटात शेजारणीच्या सुनेचं भांडण दुपारपर्यंत टिकत नाही, ती. त्या गप्प बसण्याची किंमत तिच्या चेहऱ्यावर लाल होऊन दिसत होती, आणि लिक्सांद्राला हसू आवरेना.

सोमवारी साफ्ता दवाखान्यात जाऊन आली. नर्सने तिला समजावलं: रात्रीची सुई रोजच्यासारखीच, आकडा सत्तरच्या खाली गेला तर लगेच काहीतरी गोड पाजा, तीनशेच्या वर गेला तर मला फोन, मधल्यावर रोज उठून बोंब मारायचं कारण नाही. पुढच्या महिन्यात दोघी एकदा या. साफ्ताला हे इतकं पसंत पडलं की तिने तेच स्तेलियानला ऐकवलं, आणि संध्याकाळी लिक्सांद्राच्या शेजारी बसून फोनवर क्रीनालाही.

"म्हणजे मी विचारायचंच नाही?" क्रीना म्हणाली.

"विचार की. कोंबड्या कशा आहेत ते विचार. साखर माझ्याकडे आहे."

क्रीना हळूच म्हणाली, "आई, ते एकशे बत्तीस... मला वाटायचंच. कुणाची इतकी सुरेख येत नाही."

"तुला बरं वाटावं म्हणून निवडायचे गं."

"मला बरं वाटायचं नाही. तू बरं म्हणालीस की मला वाटायचं, आता फोन ठेवता येईल." आणि त्या संध्याकाळी तिने फोन ठेवला नाही. ती ज्या म्हातारीकडे कामाला होती तिच्या तऱ्हा ती सांगत बसली, आणि स्तेलियान मागून मान पुढे काढून ऐकत राहिला.

अशी गाडी रुळावर आली. साफ्ता रोज सकाळी यायची, बोट उसनं घ्यायची, आणि हळूहळू तिला गप्प बसणं अशक्य झालं. पण शब्द दिलेला होता. तेव्हा तिने वाट काढली.

"आज माझी बरी आहे," ती म्हणायची. "एकशे चाळीस. काल मी चालले ना, त्याचा गुण." किंवा, "माझी आज थोडी चढलीय बाई. बहुतेक भावाच्या घरचा फोन आला होता, त्याने डोकं फिरलं माझं." फोन लिक्सांद्राच्या भावाकडून आलेला असायचा. लिक्सांद्रा कॉफी ढवळत ऐकायची आणि तिला आश्चर्य वाटायचं: दुसऱ्याच्या नावावर असला की आकडा किती साधा दिसतो. दुसऱ्याची साखर चढली की माणूस म्हणतो, होतं असं. फक्त स्वतःचीच चढली की आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहायचं, हा कुठला न्याय?

ऑगस्टच्या शेवटी, आलुबुखार घरोघर शिजत असताना, एका सकाळी साफ्ताने मशीनकडे बघून शीळ घातली.

"दोनशे साठ! मेले मी. काय खाल्लं असेन गं मी काल?"

लिक्सांद्राने कॉफीत बघितलं. एक क्षण ती जुनी थाप ओठांवर आली, ती बटाट्याची. मग ती म्हणाली, "मुरंबा खाल्लास तू. ताजा. शेगडीपाशी उभं राहून, थेट पातेल्यातून, मोठ्या चमच्याने. तीन वेळा."

"अगं बाई! इतकी हावरट मी?"

"आहेसच."

"लाज नाही वाटली मला?"

"नाही. एवढीसुद्धा नाही."

साफ्ता पुढे झुकली. तिचे डोळे चमकत होते. "कसा लागला मला?"

"फार सुंदर लागला गं तुला," लिक्सांद्रा म्हणाली. "साखर थोडी कमी चालली असती. पण सुंदर."

साफ्ताने समाधानाचा सुस्कारा सोडला, पाकीट बंद केलं, चपला पायात सरकवल्या. "मग आता मला बंधाऱ्यापर्यंत चालायला हवं. तू काही करत नसशील तर ये सोबत. एकटीने चालायला मला कंटाळा येतो."

"येते," लिक्सांद्रा म्हणाली. तिने डोक्याला रुमाल बांधला, स्तेलियानला ओरडून सांगितलं की कोंबड्यांना बघ, आणि दोघी फाटकातून बाहेर पडल्या. साफ्ता आधीच लिक्सांद्राच्या भावाविषयी, तो स्वतःचाच असल्यासारखं, बोलायला लागली होती.