निळ्याच्या खाली मले दिसत नाई

मी एक जुनी काचेची नळी हाव, मित्रांनो. बोटाएवढी. पण एका काळी सौंसरात मोरेश्वर मास्तराच्या घरी माह्या रंगावर सारं घर हासे नाईतर रुसे!

चौऱ्यांशी साल, संत्र्याचे दिवस. मास्तराच्या लघवीत साखर निंगाली. डॉक्टरानं साखर उतरवायची गोळी देली, तपासाले मले अन् निळं औषध देलं, अन् सांगतलं, "औषधात आठ थेंब लघवी टाकून उकळा. निळं राहिलं त पास, विटेवानी लाल झालं त नापास. महिन्यात रंग उतरला नाई त रोज सुई."

सुईचं नाव काढलं अन् पोट्ट्यायले छडीनं घाबरवणारा मास्तर घामानं ओला!

पयल्या दिवशी त्याच्या बायकोनं, वत्सलाबाईनं, मले चिमट्यानं दिव्यावर धरलं. मी लालभडक.

"आता विटाभट्टीच टाका," बाई म्हणे.

शेजारचा दादाजी पयलवान. तो म्हणे, "गुरुजी, बैठका मारा. मांडीत मांस भरलं का तेच साखर खाते."

"डॉक्टर त पायी चाला म्हणून राहिला."

"मंग दोन्ही करा न! भांडता कायले? नळी सांगन."

मी सांगणार! काचेले काटा येत असन, त मले आला.

जेवण झालं का मास्तर टेसनापर्यंत चाले. आठ दिवसात जेवणानंतरचा माहा रंग लालाचा संत्र्यावानी झाला, मंग पिवळा. पण सकाळचा काही हटे ना. मंग बैठका धरल्या. पाच, दहा, पंचवीस. शाळेतले पोट्टे रस्त्यानं जाता जाता हासत, "मास्तरालेच उठाबशा!" तिसऱ्या हप्त्यात एका सकाळी मी उकळली, उकळली... अन् निळीच्या निळी!

"वत्सले, पास झालो वं!"

त्याच खुशीत घात झाला. मास्तरानं गोळी घेतली, उपाशीच निंगाला, दुप्पट चालला, वर पन्नास बैठका. ओट्यावर टेकला त हात थरथरून राहिले, घामाच्या धारा, बोलणं भलतंच.

बाईनं मलेच पुढं केलं. "आताच त निळी होती! साखर नाईच न् यायले!"

"वयनी, साखर नाई हेच त दुखणं हाय!" धावत आलेल्या दादाजीनं आपल्या खिशातलं संत्रं फोडलं अन् मास्तराच्या तोंडात थोडा थोडा रस पिळला. ज्या घरात तीन हप्ते संत्र्याचं सालटं दिसू देलं नोतं, त्या घरात!

मी शरमली. साखर बरोबर असो का पार घटलेली, मी आपली निळीच. निळ्याच्या खाली खड्डा किती खोल, ते मले दिसतच नाई, बाप्पा.

दहा मिनिटांनी मास्तर पुटपुटला, "दादाजी... अजून एक फोड."

बाई रडता रडता हासली.

डॉक्टरानं गोळी अर्धी केली. सुई टळली. त्याच वर्षी मास्तर पायी जामसांवलीच्या मारुतीले गेला, न्याहारी करून.

आता मी कोनाड्यात पडून हाव, काठाले तडा गेलेली. पण मित्रांनो, चाला, बैठका बी मारा. दोन्हीची करामत म्या आपल्या अंगावर पाहिली. फक्त माह्या रंगाच्या भरोशावर माणसाचा रंग पाहायचं सोडू नका. अन् निंगताना खिशात एक संत्रं टाका. मास्तराचा खिसा मरेपर्यंत फुगलेलाच होता.