दूध संघाचं दहावं मशीन

यावर कुणाचा विश्वास बसत नाही, तुमचाही बसणार नाही, पण धारूरच्या घाटाखालच्या आमच्या शाळेत एका कॉम्प्युटरनं सहा वर्षं न बोललेल्या दोन पुढाऱ्यांना बोलायला लावलं.

साल सोळाचं, दुष्काळाचं. माणसं ऊसतोडीला, गुरं छावणीला, पाणी टँकरचं. शिवकन्या मॅडमच्या बत्तीस पोरी एका स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसायच्या होत्या. परीक्षा कॉम्प्युटरवर. शाळेतल्या दहा मशीनांत परीक्षेचा प्रोग्राम चालला तर सेंटर गावात, नाहीतर बीडला. आणि बीड म्हटलं की पोरी सांभाळणाऱ्या आज्या "न्हाई" म्हणणार, हे मॅडमला पक्कं ठाऊक होतं. शनिवारी पाचला विचारणा करणारा फोन यायचा होता.

आता ही मशीनं म्हणजे टँकरखालची भांडी. हंडा, कळशी, डबडं, प्रत्येकाचं तोंड निराळं. तीन सरकारी, ती पेनड्राइव्ह घ्यायची. चार परळीच्या व्यापाऱ्यांनी दिलेली. त्यांना सीडीच लागे, आणि पोटातून तिथल्या वीज केंद्राची एवढी राख निघाली की खिचडी शिजवणाऱ्या वच्छलाबाईनं त्या राखेनं महिनाभर भांडी घासली. दोन साखर कारखान्याची. ती भोंगा झाल्याशिवाय जागी होत नसत, म्हणून वच्छलाबाई तोंडानं भोंगा करायची. शनिवारी चारच्या सुमाराला नऊ मशीनांत प्रोग्राम भरून झाला.

दहावं दूध संघाचं. संघ चालू होता तेव्हा चेअरमन ईश्वरप्पा आणि सेक्रेटरी मोहनराव यांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता, म्हणून पासवर्ड अर्धा याचा, अर्धा त्याचा. पुढं गोठे ओस पडले, संघ बंद झाला, मशीन शाळेला मिळालं. पासवर्ड मात्र दोघांच्या पोटातच राहिला. सगळं पुसून नव्यानं भरावं, तर सीडीचा खण गंजून बसलेला.

मॅडमनं दोघांना बोलावून घेतलं. आले, पण तोंडं दोन भिंतींकडं.

"मी दाबतो," ईश्वरप्पा म्हणाले, "पण ह्यानं बघायचं न्हाई."

"ह्याचं बघून मला काय दुसरा संघ काढायचाय व्हय?" मोहनरावांनी मॅडमलाच विचारलं.

वच्छलाबाईनं टेबलावरची चादर ओढली आणि दोघांच्या मधे अंतरपाटासारखी धरली. "दाबा आता. मंगलाष्टकं मी म्हन्ते."

मोहनरावांनी घाईनं खुर्ची पटकावून आपला अर्धा आधी दाबला. मग चादरीपलीकडून ईश्वरप्पांनी. मशीननं साफ नकार दिला, वर बजावलं की आता शेवटचीच संधी.

पाचला वीस मिनिटं उरली होती. मॅडमला पुढच्या बाकावरच्या पोरी एकेक करून दिसायला लागल्या, आणि प्रत्येकीच्या आजीची हलणारी मान.

"काका, बत्तीसातली एक पन पोर बीडला जायची न्हाई हो," मॅडम म्हणाली.

मोहनराव उठले आणि चादर आपल्या हातानं बाजूला सारली. "अप्पा, बस. आदी तुझा. चेअरमन तू हुतास."

ईश्वरप्पांनी सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडं पाहिलं. "आन तू बघशील की बे!"

"बघतो की. तूबी माझा बघ."

आधी ईश्वरप्पा, मग मोहनराव. मशीन उघडलं, पेनड्राइव्हही त्यानं मुकाट्यानं घेतली. पाचला फोन वाजला. "दहाच्या दहा, साहेब," मॅडम म्हणाली, आणि फोन ठेवायचंच विसरली.

खरी गंमत तर परीक्षेदिवशी. दोन वैरी एक झालेले बघून त्या मशीनला एवढं भरून आलं, की समोर बसलेल्या पोरीच्या कानात ते हळूच उत्तरं सांगायला लागलं. शुद्ध मराठीत! एक म्हणून चुकलं नाही—

"तात्या, खोटं!" कोपऱ्यात चहा पीत बसलेली सरस्वती, आता बीडला नर्स आहे ती, कप खाली ठेवून माझ्यावर ओरडली. "दहाव्या मशीनवर मीच बसलते. उत्तरं सांगत हुतं, तर माझी तीन गणितं कावून चुकली?"